पाचवा टाक

"काका, देव कुठं आहेत?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन देवघराच्या दारात उभी होते. आदल्या दिवशी जिजीचं तेरावं झालं होतं. जिजी म्हणजे माझी आजी. सुतकात देवांना कुणी हात लावला नव्हता, ते इतके दिवस पारोसेच होते, आणि त्या सकाळी लवकर उठून, डोक्यावरून पाणी घेऊन, मी त्यांना आंघोळ घालायला आले होते. देव्हाऱ्यात नुसतं लाल फडकं पसरलेलं होतं.

"आवाज कशाला चढवतीस? हितंच हायत की," दादाकाका म्हणाले.

ते खिडकीखाली फरशीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात वर्तमानपत्र आणि त्यावर आमचे पाच टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठशानं उठवलेला देव, पत्त्याच्या पानाहूनही लहान. पत्रा पातळ असतो म्हणून पाठीला तांब्याचं अस्तर लावतात. काका चिमट्यानं ते अस्तर सोडवत होते. चार टाकांचं निघालं होतं, पाचव्याशी झटापट चालली होती.

"पाठी कशापायी काढताय?"

"तांबं मिसळाय नको. आटवायचे हायत."

माझ्या हातातून तांब्या पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं, निदान घरातली बाकीची माणसं धावत आली असती.

"देव आटवायचे?"

"झिजल्यात गं. बग की, एकाला तरी नाक-डोळा ऱ्हायलाय का? झिजल्याला देव पुजू नये, भटजी बी तेच म्हनले. नवं करूया. आनि एक जोड न्हाई, दोन करायचे. एक माझ्याकडं कोइमतूरला, एक तुझ्या बापाकडं इरोडला. कमी पडंल ती चांदी मी घालतो."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू घराला रंग द्यायचा होता. त्यांच्या दृष्टीनं ते सहजच होतं. आमच्या विट्याच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं. मिसरूड फुटायच्या आत पोरं गाव सोडतात आणि मद्रासपासून अमृतसरपर्यंत कुठंही भट्टी पेटवून बसतात. गावात त्यांचे बंगले उभे राहतात, फाटकावर सिमेंटचे सिंह बसतात, आणि आत एखादी म्हातारी एकटी राहते. आमच्या बंगल्यात जिजी राहायची. सात खोल्या, त्यांतल्या सहांना कुलूप, सातवीत ती आणि तिचे देव. मला शाळेसाठी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्याजवळ ठेवलं होतं, ती मी लग्न होऊन सांगलीला जाईपर्यंत तिच्याजवळच होते.

दादाकाकांचंही सांगायला हवं. ते जिजीच्या पोटचे नव्हते. आजोबांची पहिली बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, आणि मागं हे एवढंसं पोर राहिलं. जिजी दुसरेपणावर दिली गेली तेव्हा ते रांगत होते. ते तिला जिजी म्हणायला शिकले, मग तिच्या पोटचे माझे वडीलही जिजीच म्हणू लागले, आणि पुढं सगळं गाव. ही गोष्ट कुणी लपवली नव्हती आणि कुणी तिचा कधी विषयही काढत नसे. जिजीनं दोघांत फरक केल्याचं मी कधी पाहिलं नाही. उलट मार द्यायचा झाला तर तो अण्णांना आधी मिळायचा.

"काका, ते झिजलेत ते जिजीच्या हातानं झिजलेत," मी म्हणाले. "तुम्ही तिला पूजा करताना कधी बघितलंय?"

"आता ते काय बगायचं आसतंय?"

बघायचं असतं. जिजीची पूजा म्हणजे निम्मी पूजा आणि निम्मी भांडणं. ताम्हणात टाक ठेवायचे, चिंचेचा कोळ आणि चाळलेली राख घ्यायची, आणि अंगठ्यानं एकेकाला घासत जाब विचारायचा. "पाऊस कुठं ठेवलास रं? न्हाई म्हंजे, इसरला असशील तर याद देते." "ह्या पोरीला गणितात पास कर, न्हाईतर उद्याच्याला निवद न्हाई." निवद कधी चुकला नाही. खंडोबाचा रविवार, भवानीचा मंगळवार असे तिचे उपासच इतके असायचे, की देवांपेक्षा तीच झिजली असं मी म्हणायचे. कधी ताप असला तरी भिंत धरून उठायची. त्या अंगठ्याखाली देवांची नाकं गेली, डोळे गेले, खंडोबाचा घोडा गेला. गुळगुळीत चांदी राहिली. तेरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यानं "म्हातारी लई देवाधर्माची" असं म्हणून डोळे पुसले, त्यांतल्या एकानंही देव्हाऱ्यात डोकावून पाहिलं नव्हतं. आणि डोकावलं ते थेट चिमटा घेऊन.

"मला द्या," मी म्हणाले. "आहेत तसे द्या. तुम्ही दोघं नवे करा, पाहिजे तेवढे करा. हे मी नेते."

"खुळी हायस का? तू दिल्याली पोर. तुझ्या सासरचं देव येगळं, हे येगळं. दोन कुळांचं देव एका देव्हाऱ्यात नांदत न्हाईत."

"मी वेगळा देव्हारा करीन."

"सासू ठेवंल?"

"सासूचं मी बघीन."

"उजू, शहाणी हायस न्हवं?" ही काकी. चहाचे कप घेऊन ती दारात आली होती. "पुरुषांचं चाललंय, त्यात आपुन पडू नये बाई."

"जिजी जन्मभर एकटी पडली होती त्यात. तेव्हा पुरुष कुठं होते?"

काकी कप ठेवून निघून गेली. काकांचा कान लाल झाला. राग आला की ते तमिळमध्ये शिव्या देत. आम्हाला त्या कळत नसत, त्यामुळं त्यांचा निम्मा राग फुकट जाई. त्या दिवशी मात्र त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि मराठीतच बोलले.

"हे बग. रीतीनं देव थोरल्याकडं जात्यात. म्हंजे माझ्याकडं. कुनी मला इचारनार न्हाई. पर जिजीनं माझ्या ताटात येक आन तुझ्या बापाच्या ताटात दुसरं आसं कवा वाढलं न्हाई. तिच्या माघारी तिचं देव मी एकट्यानं न्यायचं? तिच्या पोटचा ल्योक मोकळ्या हातानं जाईल? म्हनून सारखं वाटून घ्यायचं. आता ह्यात माझं काय चुकलं, सांग."

मला संताप आला तो यानंच. ते चुकत नव्हते. लबाड माणसाशी भांडता येतं, पण सरळ माणूस सरळपणे वाटोळं करायला निघाला की त्याला कुठं धरायचं? मी अण्णांकडं पाहिलं. माझे वडील एव्हाना आत येऊन भिंतीला टेकले होते. त्यांच्या खिशात जिजीचा फोटो होता, तेराव्याला हार घातलेल्याचीच लहान प्रत. जिजीनं कधी फोटो काढू दिला नव्हता, म्हणून मतदार ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला होता. त्यात ती जिजी वाटण्यापेक्षा संशयित वाटायची.

"अण्णा, तुम्ही तरी बोला. तुमची आई होती."

"दादा म्हंतोय ते बराबर हाय," अण्णा म्हणाले.

अण्णांचं आयुष्य ह्या एका वाक्यावर निघालं.

विट्याला जायला जीप सांगितली होती. "मी पण येते," म्हणून मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. काकांनी एकदा बघितलं आणि मागं बसले. टाक त्यांनी स्वच्छ धुतलेल्या रुमालात बांधून मांडीवर घेतले होते. वाटेत मी सगळे उपाय करून पाहिले. निदान एक ठेवा म्हणाले. निदान वर्षश्राद्धापर्यंत थांबा म्हणाले. नव्या देवांच्या खाली हे जुने पुरून ठेवा, असंही म्हणाले. काका प्रत्येक वेळी शांतपणे "तसं करत न्हाईत" म्हणाले. शेवटी मी विचारलं, "जिजी असती तर तिनं करू दिलं असतं का?"

"जिजी असती तर कशाला करावं लागलं आसतं?" काका म्हणाले.

त्यावर ड्रायव्हरसुद्धा मान हलवून हसला. मी काच वर केली.

पोतदारांचं दुकान सराफकट्ट्याच्या टोकाला होतं. पुढं दोन माणसं बसतील एवढी गादी आणि मागं काळी पडलेली कामाची खोली. पोतदार काकांच्या वयाचेच, जाड चष्म्याचे, कुरकुरे. टाक बघून ते म्हणाले, "द्या, मी आटवतो." काका म्हणाले, "न्हाई. दुसऱ्याच्या हातात देनार न्हाई. हे मीच करनार."

त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. बनियनवर बसले, टाकांवर हळद-कुंकू, अक्षता वाहिल्या, हात जोडले, "माफ करा देवांनो, नवं रूप देतोय," म्हणाले. हे सगळं त्यांनी मनापासून केलं. मग मूस जवळ ओढली. मूस म्हणजे धातू आटवायची मातीची वाटी. ती लहान होती, टाक त्यात आडवे मावत नव्हते, म्हणून काकांनी एकेक टाक दोन बोटांत धरून मधोमध दुमडला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. अण्णांनी माझा दंड धरला.

"सोडा मला."

"उजू, लोक बघायल्यात."

"बघू दे. लोकांना तेवढंच बघायला मिळालंय जिजीचं."

काकांनी मान वर केली नाही. ज्वाला लावली, मळ धरायला टाकणखाराची चिमूट टाकली. चांदी थोडा वेळ तशीच राहिली, मग कडा ओघळल्या, मग सगळं एकदम खाली बसलं आणि वाटीत एक चकचकीत थेंब थरथरत राहिला. काका अजिबात न हलता बघत होते. त्या कामात ते खरोखर देखणे दिसत, हे मला त्या क्षणीही कबूल करावं लागलं, आणि त्याचाही राग आला. त्यांनी स्वतःजवळची चांदी त्यात घातली, सांडशीनं मूस उचलली आणि कांडी ओतली. पोतदारांनी ती कांडी यंत्रातून पुन्हा पुन्हा ओढून तिचा पत्रा केला. पत्रा गार झाला तेव्हा बाहेर चहावाल्याची पोरगी कप गोळा करून गेली होती.

मग पोतदारांनी ठशांची पेटी उघडली. पितळेचे ठसे, एकेका देवाचा एकेक.

"हं. सांगा. कोनकोन?"

"खंडोबा," काका म्हणाले. "जोतिबा. भवानी. सिद्धनाथ."

पोतदारांनी चार ठसे काढून ओळीनं मांडले. "आनि?"

काकांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी काकांकडं.

"पाचवी यल्लम्मा असंल," काका म्हणाले.

"म्हाकुबाई असंल की," अण्णा म्हणाले.

"असंल म्हनून ठसा मारता येतोय व्हय?" पोतदार म्हणाले. "कुलाचे देव हायत. चुकीचा देव घरात बसवला तर निस्तरायचं कुनी?"

"मला वाटलं तुमी बगताक्षणी वळखशीला," काका म्हणाले. "तुमचा धंदाच हाय न्हवं."

"झिजल्यालं कसं वळखू? मला वाटलं घरच्यांस्नी ठावं हाय, म्हनून आनल्यात. आटवायच्या आधी इचारलं न्हाई मी, तेवढी चूक माझी."

मी हसले. चांगलं हसणं नव्हतं ते.

"हसायला काय झालं?" काका म्हणाले.

"काही नाही. कसोटीवर चांदी घासून तिचा कस सांगता, आणि देव्हाऱ्यातला पाचवा देव कोण, हे तुम्हाला सांगता येईना."

"टोमणं पुरे. तू तिच्याजवळ वाढलीस. तुला ठावं आसंल. सांग."

"आता मला विचारता? मी दिलेली पोर."

"उजू."

"दोन कुळांचे देव एका देव्हाऱ्यात नांदत नाहीत. मला काय कळतंय त्यातलं?"

पोतदार ठसे पुसत राहिले. मला खरंच सांगायचं नव्हतं. वाटत होतं, राहू दे पाचवी जागा मोकळी, कोइमतूरला आणि इरोडला दोन्हीकडं, म्हणजे रोज सकाळी कळेल काय केलं ते. पण अण्णा माझ्या बाजूला येऊन बसले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, मोडायचं ते मोडून झालं. आता देव अर्धवट ठेवू नगंस. जिजीनं अर्धवट ठेवलं नसतं."

अण्णांचं मी ऐकलेलं हे पहिलं स्वतःचं वाक्य. मी सांगायला लागले.

"नाव मलाही माहीत नाही. जिजी तिला कधी नावानं हाक मारायची नाही. बाकीच्यांशी भांडायची, तिच्याशी नाही. पण देवी होती हे खरं, कारण तिला कुंकू लागायचं. आणि पहिली आंघोळ तिला. खंडोबाच्या आधी. मी एकदा विचारलं, खंडोबाला राग येत नाही का? तर म्हणाली, येऊ दे. घर तिचं हाय, मी मागनं आले."

"मंग यल्लम्माच," काका म्हणाले.

"थांबा की. घरात नवा खण आला तर आधी तिच्यापुढं. कासार आला की स्वतःला भरायच्या आधी दोन हिरव्या बांगड्या तिच्यापुढं ठेवायची. आजोबा गेले तेव्हा जिजीनं स्वतःच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, पण तिला लावायची थांबली नाही. मी म्हणायचे, ही देवी बरी, तिचा नवरा मरत नाही. तर जिजी म्हणायची, तिचं कुंकू तिनं संगं नेलंय. आणि पितृपाठात नवमीला न चुकता सवाष्ण जेवायला बोलवायची, पुरणाचं ताट आधी तिच्यापुढं..."

मी तिथंच थांबले.

लहानपणी पाहिलेल्या गोष्टी माणूस मोठेपणी पुन्हा उलगडून बघत नाही. लग्नानंतर मी स्वतः सासरी अहेव नवमी करत होते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांसाठी पितृपाठातली ती नवमी असते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण जिजीच्या देव्हाऱ्यातली ती देवी आणि ही नवमी, ह्या दोन्ही माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्या नव्हत्या. देवीला कुणी नवमी करतं का?

पोतदारांच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

"सवतीचा टाक हुता तो," ते म्हणाले. "मागं करायचे तसे. पहिली बायको गेली की दुसरीनं तिचा टाक करून पुजायचा, म्हंजे ती घरावर रुसत न्हाई. बऱ्याच जनी वर्सभर करत्यात आन सोडून देत्यात."

काका पत्र्याकडं बघत होते. मग त्यांनी तो उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "कुठं हाय?" ते म्हणाले. मला वाटलं ते मला विचारताहेत. ते कुणालाच विचारत नव्हते.

"दादा," अण्णा म्हणाले.

"सगुना नाव हुतं म्हनं तिचं. एवढंच ठावं हाय मला. येवढंच." काकांचा आवाज नेहमीसारखाच होता. "फोटू न्हाई. लुगडं न्हाई. तिच्या माहेरचं बी कुनी उरलं न्हाई. मी जिजीला एकदा इचारलं, कशी हुती गं? तर म्हनली, म्या कुठं बगितली रं. मंग मी परत इचारलं न्हाई. तिला वाईट वाटंल म्हनून."

"काका, आपल्याला माहीत नव्हतं..."

"सोन्यातनं चांदी काढली मी जन्मभर. चांदीतनं तांबं काढलं. सराफाच्या दुकानातला केर आनून त्यातनं कन काढलं. आता चांदीतनं चांदी कशी काढू, सांग की. ह्यातली तिची कंची?"

सकाळपासून मला वाटत होतं, ह्या माणसाला एकदा तरी लागावं. आता लागलं होतं, आणि मला त्यात काडीचंही समाधान मिळालं नाही. उलट जिजीचाच राग आला. देवांना एवढं तोंडावर बोलणारी बाई, ह्या लेकाला एकदा देव्हाऱ्यापुढं बसवून "ही तुझी आई" म्हणाली असती तर तिचं काय गेलं असतं? आज इतक्या वर्षांनीही मला तो राग आवरत नाही. कदाचित तिला वाटलं असेल, पोराला परकं वाटेल. कदाचित काकांसारखीच तीही थांबली असेल, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. ह्या घरात एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून माणसांनी एवढं लपवलं, की शेवटी वाईट वाटायलाही काही हातात उरलं नाही.

"तोंड कसं हुतं?" काकांनी विचारलं. या वेळी मलाच. "तू रोज बगायचीस. टाकावर तोंड कसं हुतं?"

"नव्हतं, काका. सगळ्यांत जास्त तोच झिजला होता."

त्यांनी मान हलवली. पत्रा खाली ठेवला.

"पोतदार, चार ठसे मारा. पाचवा कोरा ठेवू नगा. पाचव्यावर जिजीला काढा."

"जिजीबाईंना?" पोतदारांनी चष्मा वर केला. "अवो, सवतीच्या जागेवर सवतीलाच बसवायचं? आनि त्या विधवा. हा टाक सवाष्णीचा."

"मला जी आई दिसली ती येकच दिसली. कुंकू लावल्यालीच काढा. मी ल्हान असताना हे येवढं लावायची. दोघी मिळून घेतील काय ते बगून."

"ठसा न्हाई तसला. हातानं काढाय लागंल."

"हातानं काढा."

अण्णांनी खिशातून फोटो काढून पुढं केला. पोतदारांनी तो नाकाजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. "ह्यात डोळं झाकल्यात का उघडं हायत तेच कळंना. तुमी सांगा, मी काढतो. तोंड गोल का उभट?"

"गोल," काका म्हणाले. "चांगलं भरल्यालं."

"उभट," मी म्हणाले. "गालफडं बसलेली होती, काका."

"ती म्हातारपनी. मी पयल्याची सांगतोय."

"तुम्ही पहिल्याची बघितली तेवढीच. मी शेवटपर्यंत बघितली."

"नाक?" पोतदार म्हणाले.

"बसकं," आम्ही दोघं एकदम म्हणालो. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

"गोंदन हुतं न्हवं तोंडावर? बायकांना आसतंय. कुठं?"

"हनवटीवर," काका म्हणाले. "मधोमध. बोट ठेवून झोपायचो मी त्याच्यावर."

"हनुवटीवर नाही, गालावर," मी म्हणाले. "डाव्या. बोलताना हलायचं ते. मी रोज समोर बसायचे."

"आगं, मला ठावं न्हाई व्हय?"

"मग मला ठाऊक नाही का?"

"गोंदन नव्हतंच," अण्णा म्हणाले. "तीळ हुता. उजवीकडं."

आम्ही दोघं त्यांच्याकडं वळलो. अण्णा मागं हटले नाहीत. तिच्या पोटचा लेक होता तो, आणि त्याला खात्री होती. काकांना खात्री होती. मलाही होती, आणि तरी डोळे मिटले तर आता मला तो डाग एकदा गालावर दिसायचा, एकदा हनुवटीवर, आणि एकदा दिसायचाच नाही.

"ठरवा बाबा आधी," पोतदार म्हणाले आणि छिन्नी खाली ठेवली.

काकांनी पत्रा आमच्यामध्ये ओढला. "हितं," म्हणून त्यांनी बोट ठेवलं. मी त्यांच्या बोटाच्या जरा वर माझं ठेवलं. "नाही काका, इथं." अण्णांनी न बोलता तिसरीकडं ठेवलं.

कोऱ्या चांदीवर तिघांची तीन बोटं, आणि कुणीही आपलं उचलायला तयार नव्हतं.